खडकीचा धनराज

खेळानें उदरनिर्वाह होत नाहीं, असें आम्ही शाळेंत जन्मभर सांगत आलों. पिंपरी-चिंचवडला लागून, मुळेपलीकडील खडकींत १९६८ सालीं तमिळ घरांत जन्मलेल्या धनराज पिल्ले यांनीं तें खोटें ठरविलें. वडील कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत. मुलें हॉकीच्या मोडक्या काठ्या बांधून खेळत. पुढें आघाडीच्या फळींतील या खेळाडूस हॉकीनेंच इंडियन एअरलाइन्सची नोकरी दिली. लंडन, ल्यों व स्टुटगार्ट येथील संघांनीं त्यांस बोलावून नेलें. १९९२ ते २००४ अशीं चार ऑलिंपिकें ते खेळले. पदक मात्र एकदांहि लाभलें नाहीं.

पिंपरीच्या नेहरूनगरांत आज हॉकीचें मोठें मैदान आहे. नातू तिकडे निघाला कीं ‘अभ्यासाचें काय?’ हा प्रश्न आमच्या ओठांवर येतोच. पण काठी आतां आम्ही काढून घेत नाहीं.