एकवीस गुणांचा हिशेब

१९व्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी बॅडमिंटन ‘पूना’ नावाने खेळत. आजचे नियम असे:

कोर्ट: लांबी १३.४० मीटर. रुंदी दुहेरीत ६.१० मीटर, एकेरीत ५.१८. जाळी खांबांपाशी १.५५ मीटर, मधोमध किंचित खाली, १.५२४. पिसांच्या शटलला पिसे १६.

गुण: तीनपैकी दोन गेम जिंकणारा विजयी. २००६पासून सर्व्हिस कुणाचीही असो, रॅली जिंकणाऱ्याला गुण. गेम २१चा, २०-२० झाल्यास दोन गुणांची आघाडी हवी. तरीही कोंडी फुटली नाही, तर २९-२९नंतरचा गुण निर्णायक.

सर्व्हिस: कुरबुरी जास्त होतात त्या इथेच. सर्व्हिस करणाऱ्या बाजूचे गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून, पलीकडच्या तिरप्या चौकोनात. फटका बसताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच हवे. ही मोजणी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०१८मध्ये आली. त्याआधी पंच खेळाडूच्या सर्वांत खालच्या बरगडीवरून उंची ठरवत. दुहेरीत सर्व्हिसचा चौकोन रुंद, पण मागून ७६ सेंटिमीटरने आखूड.

फॉल्ट: रॅलीत जाळीला अंग किंवा रॅकेट लागणे, शटल आपल्या बाजूला येण्याआधीच पलीकडे जाऊन मारणे.

रेषेवर पडलेले शटल आत.