डोंगर एक, वाटा अनेक

सायकल म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें सपाट सडक उभी राहते. पुण्याला एके काळीं सायकलींचें शहर म्हणत. परंतु त्या काळच्या मंडळींसही सायकल पर्वतीच्या पायथ्याशीं ठेवून टेकडी पायींच चढावयाची, एवढेंच ठाऊक होतें. सायकल डोंगरमाथ्यावर न्यावी आणि तेथून ती चालवीत खालीं यावें, हें ऐकून घरांतील आजी "हा काय अविचार!" असें म्हणाल्या, तर त्यांचें फारसें चुकलें असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि आल्प्स पर्वतांत आज हाच अविचार मोठ्या विचारानें, नियमांनीं बांधून केला जातो. विशेष हें कीं, बारा वर्षांचा मुलगा, त्याची आई व त्याचे आजोबा हीं तिघेंही एकाच डोंगरावरून आपापल्या शक्तीप्रमाणें उतरूं शकतात. हें कसें साधतें, तें आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

या खेळाचा उगम मात्र आल्प्समधील नव्हे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, टॅमल्पाइस डोंगराच्या परिसरांत, कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवर बसून मातीच्या उतारावरून शर्यती लावीत. १९७६ सालीं त्यांनीं घड्याळ लावून वेळ मोजण्यास आरंभ केला. तो उतार इतका खडा होता कीं, मागील चाकाच्या ब्रेकमधील वंगण तापून जळून जाई व तें पुन्हा भरावें लागे; त्यावरून शर्यतीलाच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असें नांव पडलें. पुढें १९९० सालीं या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अमेरिकेंत ड्युरँगो येथें झाली, व १९९६ सालीं अटलांटा येथें त्याला ऑलिंपिकमध्यें स्थान मिळालें. आजच्या डोंगरी सायकलीचे टायर रुंद व दातेरी असतात. खडकांचे हादरे सोसण्यास सस्पेन्शन असतें. आणि चिखलांतही चाक आवरणारे डिस्क ब्रेक असतात.

आतां आल्प्सकडे वळूं. स्वित्झर्लंडच्या पूर्वेस ग्राउब्युंडेन नांवाचा प्रांत आहे. तेथें जर्मन, रोमान्श व इटालियन अशा तीन भाषा नांदतात. खिंडी ओलांडणारे व्यापारी आणि उन्हाळ्यांत गुरें घेऊन वरच्या कुरणांवर जाणारे गुराखी यांच्या पावलांनीं येथें शतकानुशतकें अरुंद वाटा पडत आल्या. पुढें हिवाळ्यांतील स्कीच्या खेळासाठीं ठिकठिकाणीं रोपवे बांधले गेले. उन्हाळ्यांत तेच रोपवे सायकली वर वाहून नेऊं लागले, आणि कांहीं जुन्या व कांहीं मुद्दाम आखलेल्या नव्या वाटा मिळून या खेळाचें एक मोठें क्षेत्र तयार झालें. कमी उंचीवरील बर्फाचा पूर्वीसारखा भरंवसा राहिला नसल्यामुळें तेथील गांवांना हा उन्हाळी आधार मोलाचा वाटतो.

या सर्व व्यवस्थेचें मर्म वाटांच्या प्रतवारींत आहे. सायकलींसाठीं राखलेल्या उद्यानांत प्रत्येक वाटेच्या तोंडाशीं रंगाची खूण असते: निळी वाट सोपी, तांबडी मध्यम, काळी कठीण. मोकळ्या डोंगरांतील पायवाटांसाठीं जर्मन भाषिकांत आणखी बारीक अशी, एस-शून्यापासून एस-पांचपर्यंत सहा पायऱ्यांची मोजणी रूढ आहे. एस-शून्य म्हणजे अडथळा नसलेली, घट्ट मातीची वाट. एस-एकमध्यें लहान मुळें व दगड येतात, आणि उतार शंभर मीटर पुढें जातांना चाळीस मीटर खालीं येण्याइतपतच असतो. एस-दोनमध्यें मोठालीं मुळें, सुटे दगड व पायऱ्या लागतात. एस-तीनपासून पुढें खडकांचे ढीग आणि अगदीं आखूड वळणें सुरू होतात; एस-चारपासून तर मागील चाक उचलून फिरविण्याची कला लागते. शेवटच्या दोन पायऱ्या निष्णातांनींच चढाव्या, किंबहुना उतराव्या!

आपल्या परंपरेंत 'अधिकारभेद' हा शब्द फार जुना आहे. ज्याची जशी तयारी तसें त्याला साधन, हा त्याचा मूळ अर्थ उदात्त खरा. परंतु आपण तो अधिकार जन्म, वय अथवा स्त्रीपुरुषभेद यांवरून ठरवूं लागलों, आणि तेथें फसलों. डोंगर असा भेद करीत नाहीं. तो केवळ सराव पाहतो, आणि तोही आजचा.

याचें उत्तम उदाहरण लेन्त्सरहाइडे या गांवीं दिसतें. सुमारे १,५०० मीटर उंचीवरील या गांवाच्या एकाच उतारावर 'फ्लोलाइन' ही सौम्य, लाटेसारखी वळत जाणारी वाट आहे, आणि 'स्ट्रेटलाइन' ही जागतिक चषकाच्या शर्यतींची उग्र वाटही आहे. २०१८ सालीं जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच गांवीं भरली. ऱ्हिओ येथील २०१६ च्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविणारा, याच प्रांतांत वाढलेला नीनो शुर्टर यानें त्या वर्षीं क्रॉस-कंट्री शर्यतींत घरच्या प्रेक्षकांसमोर विजय मिळविला. अशा विजेत्यांच्या डोंगरावर नवशिक्यांनाही मानाची जागा आहे, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

दुसरें ठिकाण दावोस. एके काळीं युरोपांतील क्षयरोगी तेथील आरोग्यधामांच्या सज्जांत स्वच्छ हवा घेत महिनेन्‌महिने निजून राहत. आज त्याच गांवाजवळील याकोब्सहॉर्न शिखरावरून फिलिझूर गांवाकडे सुमारे ४० किलोमीटरची डोंगरी वाट जाते. ती काळ्या वाटेइतकी बिकट नसली, तरी लांबीमुळें दमछाक करणारी आहे. सोपी वाटही लांबली म्हणजे कठीण होते, हा धडा तेथें मिळतो. फिलिझूरहून परत येण्यास १९०९ सालीं सुरू झालेली आगगाडी आहे, आणि तींत सायकलही नेतां येते. ज्यांना उतरण्याचा उत्साह नाहीं, त्यांनीं गाडीनेंच जाऊन फिलिझूरला भेटावें व एकत्र फराळ करावा, यांत कसलाही कमीपणा नाहीं.

अलीकडे विजेच्या मोटरीची सायकल आल्यामुळें साठी उलटलेल्यांनाही चढ चढतां येऊं लागला. हा मोठाच लाभ; परंतु त्यांत एक फसवणूक दडलेली आहे. मोटर वर नेते. खालीं उतरण्याचें कसब ती देत नाहीं. उलट तिच्या वजनानें सायकल आवरण्यास जड जाते. पूर्वीं ज्याला उतरतां येत नसे, तो दमून बहुधा वर पोहोंचतच नसे. आतां तो सहज पोहोंचतो. म्हणून वर जाण्यापूर्वींच खालीं येण्याची वाट ठरवावी. पाऊस पडला असेल तर निळी वाटही तांबडी समजावी. डोक्यावर शिरस्त्राण, गुडघ्यांवर गाद्या, व हातांत मोजे असावेत. आणि बिकट जागीं सायकलीवरून उतरून चालावें. कसलेले सायकलस्वारही असें करतात.

वाटेवर आपण एकटेच नसतों, हेंही ध्यानांत ठेवावें. ग्राउब्युंडेनमधील पुष्कळ वाटा पादचारी व सायकलस्वार यांना सामाईक आहेत. तेथें पादचाऱ्यास प्रथम मान द्यावयाचा, वेग कमी करावयाचा, आणि कुरणाचें फाटक उघडलें तर तें पुन्हा लावावयाचें, अशी रीत आहे. शेजारच्या ऑस्ट्रियांत १९७५ च्या वनकायद्याप्रमाणें रानांत पायीं हिंडण्यास सर्वांना मोकळीक आहे; सायकलीसाठीं मात्र मालकाची संमति लागते. म्हणून तेथें खुल्या म्हणून जाहीर केलेल्या वाटांवरच जावें.

एकत्र कुटुंबांत सर्वांसाठीं वडील माणसांनीं ठरवावें, ही आपली रीत. ती पुष्कळ वेळां हिताची असते. परंतु "आमचा मुलगा भितो कीं काय!" असें म्हणून त्याला न पेलणाऱ्या उतारावर लोटणें, आणि सुनेची तयारी असतां "तुला जमणार नाहीं" असें म्हणून तिला खालीं बसवून ठेवणें, या दोन्ही चुका एकाच जातीच्या, दोहोंतही त्या माणसाची खरी शक्ति कोणी विचारलेलीच नसते. डोंगराच्या माथ्यावर, त्या रंगीत पाट्यांपाशीं, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणें विचारला जातो, व त्याचें उत्तर ज्याचें त्यानें खरें द्यावें लागतें. मग आई तांबड्या वाटेनें गेली, मुलगा निळ्या वाटेनें गेला, आणि आजोबा रोपवेनें परतले, तरी तळ्याकांठीं सर्वांची गांठ पडतेच. सहल सर्वांची झाली, आणि कोणाचा पाय मोडला नाहीं, कोणाचें मनही मोडलें नाहीं. याहून चांगली सहल ती कोणती?