जावळाची साक्ष

बाळाचे जावळ हा आपल्याकडे कौतुकाचा विषय. मामाच्या मांडीवर बसवून ते काढायचे. तोवर ते दाट की विरळ, कुरळे की सरळ, यावर येणारे-जाणारे प्रत्येक जण मत देणार. या बोलण्यात वैद्यकाच्या कामाचे काही असेल, असे सहसा मनात येत नाही. पण एका आनुवंशिक आजारात आतड्याच्या दुखण्याची खूण नेमकी डोक्यावरच्या केसांत सापडते.

ट्रायकोहेपॅटोएंटेरिक सिंड्रोम हे त्याचे नाव. ग्रीक शब्दांची फोड केली, तर केस, यकृत आणि आतडे. आजार अत्यंत दुर्मीळ. पश्चिम युरोपातील अंदाज तीन ते चार लाख जन्मांमागे एक असा आहे. मूल बहुधा जन्मतःच कमी वजनाचे असते. पहिल्या काही आठवड्यांतच जुलाब सुरू होतात आणि दूध बदलले, औषधे दिली, तरी आटोक्यात येत नाहीत. कपाळ रुंद, नाकाचा पाया पसरट. केस लोकरीसारखे, फिकट, कंगव्याला दाद न देणारे आणि सहज तुटणारे. सूक्ष्मदर्शकाखाली केसावर मधूनमधून गाठी दिसतात. तिथे केसाचे तंतू फाटलेले असतात, जणू दोन कुंचले टोकांकडून एकमेकांत खुपसले आहेत. अनेक मुलांचे यकृत बिघडते, काहींच्या यकृतात लोह साठते. लस देऊनही प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत, त्यामुळे जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा गाठतो.

ही सगळी लक्षणे एकाच आजाराची आहेत, हे कळायला पंचवीस वर्षे लागली. 1982 मध्ये स्टँकलर आणि सहकाऱ्यांनी एका ब्रिटिश नियतकालिकात दोन भावंडांची हकिकत मांडली: कारण न सापडणारे जुलाब, खुंटलेली वाढ, वेगळा चेहरा आणि सदोष केस. 1994 मध्ये फ्रान्समधील जिरो आणि सहकाऱ्यांनी अशाच आठ अर्भकांचे वर्णन केले. त्यांचा भर जुलाबांवर होता. 1997 मध्ये व्हेर्लोस यांनी यकृतातील लोहाकडे लक्ष वेधले आणि तीन अवयवांना जोडणारे नाव रूढ झाले. अखेर 2007 मध्ये फाब्र आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ही दोन नावे एकाच आजाराची आहेत. पोटाच्या डॉक्टरला जुलाब दिसले, यकृताच्या डॉक्टरला लोह. बाळ मात्र एकच होते.

मूळ कारण उलगडले ते एका अनपेक्षित वाटेने. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या काही जातींत एक विषाणू राहतो. त्याच्या जोरावर त्या जाती विष सोडून शेजारच्या यीस्टला मारतात. 1978 मध्ये अमेरिकेत रीड विकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे यीस्ट नोंदवले, की ज्यात एखादे जनुक बिघडल्यामुळे ही मारकशक्ती आणखी वाढलेली होती. त्यांना ‘सुपरकिलर’ म्हटले गेले, आणि त्यावरून त्या जनुकांना ‘स्की’ हे नाव पडले. ही जनुके धडधाकट असताना पेशीतल्या साफसफाईचे काम करतात. जनुकाचा निरोप वाहून नेणारी आरएनएची चिठ्ठी काम झाल्यावर किंवा सदोष निघाल्यावर नष्ट व्हावी लागते. ‘स्की’ प्रथिनांचा गट ती उलगडून, सुईत दोरा ओवावा तशी, तुकडे करणाऱ्या यंत्रणेत सरकवतो.

माणसातही हाच गट आहे. 2010 मध्ये हार्टली आणि सहकाऱ्यांना या आजाराच्या मुलांत ‘टीटीसी37’ या जनुकात बिघाड सापडला. 2012 मध्ये फाब्र यांच्या गटाने दुसरे जनुक शोधले, ‘एसकेआयव्ही2एल’. दोन्ही त्याच साफसफाईच्या गटातली. यीस्टच्या भांडणाचा अभ्यास करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल, की तीस-पस्तीस वर्षांनी त्यातून एखाद्या पाळण्यातल्या दुखण्याचे उत्तर निघेल.

या उत्तराचे मोल प्रयोगशाळेपुरते नाही. बाळाचे पोट बिघडले, की आपल्याकडे पहिले बोट आईकडे जाते. तिच्या खाण्यात काही आले, तिचे दूधच जड, ती पथ्य पाळत नाही. दुसरे मूलही तसेच निघाले, तर बोलणाऱ्यांना आणखी बळ येते. वस्तुस्थिती अशी, की हा आजार होण्यासाठी बिघडलेली एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून यावी लागते. दोघेही निरोगी असतात, दोघांनाही पत्ता नसतो. प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असतील, तर दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. आते-मामे भावंडांत लग्ने जुळवणाऱ्या आपल्या समाजांनी हे ध्यानात ठेवावे. कुटुंबातला बिघाड एकदा नेमका कळला, की पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते.

आजार मुळातून बरा करणारे औषध अजून नाही. शिरेतून पोषण देऊन मुलाला वाढवावे लागते. संसर्ग वारंवार होत असतील, तर बाहेरून प्रतिपिंडे द्यावी लागतात. पूर्वी अशी बहुतेक मुले दगावत. आता बरीच मुले मोठी होतात आणि त्यांतली काही यथावकाश शिरेतल्या पोषणावाचून, तोंडाने खाऊन राहू लागतात. त्यासाठी निदान वेळेवर व्हायला हवे.

विरळ किंवा राठ जावळाची बहुतेक बाळे ठणठणीत असतात, त्यामुळे नुसत्या केसांवरून कुणी धास्ती घेऊ नये. पण जुलाब आठवडेच्या आठवडे थांबत नसतील, वजन वाढत नसेल आणि केसही लोकरीसारखे तुटत असतील, तर ‘जावळ असं का?’ हा आजीचा प्रश्न बारशापुरता न ठेवता डॉक्टरांसमोर मांडावा.