रेच्याला जुंपलेला बैल

शहापूर तालुक्यातील धसईच्या आसमंतात कापूस पिकत नाही, हा मुलूख भाताचा. तथापि 1865 साली आगगाडीने थळघाट ओलांडीपर्यंत खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून नि गाड्यांतून याच तालुक्यातून मुंबईकडे उतरत असे, आणि त्यामुळेच की काय, कापसाच्या व्यवहारात बैलाचा संबंध केवळ ओझ्यापुरता होता, यंत्र मात्र विलायतेहून वाफेबरोबरच आले, असा समज आपल्याकडे दृढ झालेला आहे.

सरकी काढण्याचे यंत्र अमेरिकेच्या एली व्हिटनीने 1794 साली सनद घेतली तेव्हा जन्मले, असेही सांगतात. वस्तुतः अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत, म्हणजे सुमारे पाचव्या शतकात, एका लाटेने (रुळाने) सरकी काढण्याचे साधन दिसते. पुढे परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन लाटांचा रेचा आला, ज्यात तंतू पलीकडे ओढला जातो आणि दोन लाटांच्या फटीत न मावणारी सरकी अलीकडेच गळते. व्हिटनीच्या धर्तीच्या यंत्रांचे करवती दाते देशी कापसाचा आखूड धागा तोडीत. सबब रयतेने रेचा सोडला नाही, हा तिचा अडाणीपणा नव्हे, पारख होती.

रेचा हातानेच फिरे आणि त्यात सुधारणा झालीच नाही, हे म्हणणेही खरे नाही. मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी कारखान्याशी संबंधित डॉ. फोर्ब्ज यांनी देशी रेच्याचेच सुधारलेले रूप सिद्ध केले. 17 एप्रिल 1860 रोजी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे वाचलेल्या निबंधात त्याचे आकडे आहेत: जुन्या रेच्यावर एक पुरुष व एक स्त्री मिळून दिवसास 28 पौंड कापूस साफ करीत, फोर्ब्जच्या रेच्यावर एक माणूस व एक मुलगा 250 पौंड, आणि असे 16 रेचे बैलांनी चालविल्यास 750 माणसांचे काम होई. हा शेवटचा आकडा मला सढळ वाटतो, कारण आधीच्याच प्रमाणाने हिशेब केला तर 285 च्या आसपास माणसे भरतात. तरीही माणसाच्या मनगटावरील केवढा भार बैलाच्या खांद्यावर गेला, हे त्यावरून स्पष्ट होते.

आणि विलायतेत तरी आरंभ कोठे वाफेने झाला? 1741 साली बर्मिंगहॅम येथे पॉल आणि वायट यांचे सूतकताईचे यंत्र दोन गाढवे फिरवीत होती, आणि आर्कराइटची नॉटिंगहॅम येथील पहिली गिरणी घोड्यांवर चालली. पाण्यावर चालणारी क्रॉमफर्डची गिरणी 1771 सालची.

महाराष्ट्रातील बहुतेक जिनिंग कारखान्यांत बैलांची जागा विजेने घेतली, परंतु सरकी आजही करवतीने नव्हे, लाटांनीच निघते.