नाचाला जमीन हवी

नागपुरात नृत्याचा कार्यक्रम ठरला की पहिली धावपळ सभागृहाची. सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह मिळतंय का, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह परवडेल का? तारीख मिळते, भाडं भरलं जातं, आणि नर्तकांचे पाय त्या रंगमंचाला लागतात ते बहुधा प्रयोगाच्याच दिवशी, वर दिवे बांधायचं काम चालू असताना. पक्कं बसवलेलं नृत्य दाखवायला ही व्यवस्था ठीक आहे. पण ज्याचा अजून शोधच चालू आहे, त्या नृत्यानं जायचं कुठे? त्याला महिनोन्महिने एकच जमीन लागते आणि तिथे घड्याळाकडे न बघता चुकत राहण्याची मुभा लागते.

अशी जमीन चेन्नईत बेझंटनगरला, एलियट्स बीचच्या काठावर आहे. तिचं नाव 'स्पेसेस'. ती उभी केली चंद्रलेखा या नर्तकीने, तिचे सहकारी दशरथ पटेल आणि सदानंद मेनन यांच्या साथीने. चंद्रलेखाचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही याचं मला वाईट वाटतं, कारण तिचा जन्म आपल्याच वाड्याचा. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात ६ डिसेंबर १९२८ रोजी एका गुजराती कुटुंबात ती जन्मली. दशरथ पटेल हे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीतले चित्रकार आणि डिझायनर. त्यांच्या कामाचं संग्रहालय अलिबागजवळ बामणसुरे इथे आहे.

वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून चंद्रलेखा मद्रासला गेली आणि कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकली. १९५२ साली तिचं अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर प्रयोग, झाला तो रायलसीमेतल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी. 'मथुरा नगरिलो' या रचनेत यमुनेचं भरलेलं पात्र, पाण्यात खेळणाऱ्या स्त्रिया, उडणारे तुषार असं सगळं ती हातांनी दाखवत होती. नाचता नाचताच तिच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रातली छायाचित्रं आली: भेगाळलेली जमीन, रिकामे डबे घेऊन रांगेत उभी माणसं. क्षणभर तिचं अंग थिजलं. हा अनुभव तिने पुढे अनेकदा सांगितला. तिच्या साऱ्या कामाचं मूळ मला इथेच दिसतं. तिने भरतनाट्यमकडे पाठ फिरवली नाही. या शरीराला एवढं सगळं येतं, मग ते खरं काय बोलू शकतं, हे मात्र तिला शोधायचं होतं.

शोध लांबला. 'देवदासी' (१९६०) आणि 'नवग्रह' (१९७२) नंतर ती रंगमंचापासून दूर गेली. भित्तिचित्रं, लेखन, स्त्री-चळवळ यांत रमली. परत आली ती मुंबईत. जानेवारी १९८४ मध्ये मॅक्समुल्लर भवनचे गेओर्ग लेखनर यांच्या पुढाकाराने एनसीपीएमध्ये 'ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर' भरलं. पूर्वेचे आणि पश्चिमेचे नर्तक तिथे एकमेकांचं काम पाहत होते आणि त्यावर भांडतही होते. भारतातल्या समकालीन नृत्याची गोष्ट सांगताना ही भेट वगळता येत नाही. पुढच्याच वर्षी चंद्रलेखाचं 'अंगिका' आलं.

'अंगिका'त दागिने नव्हते, देवाची गोष्ट नव्हती. भरतनाट्यमच्या शेजारी योग आणि केरळची युद्धकला कलरीपयट्टू उभी होती. हे मिश्रण चवीपुरतं नव्हतं, त्याला शरीराचा हिशेब होता. भरतनाट्यमची अरमंडी पाहा: गुडघे बाहेर वळवून अर्धं खाली बसलेलं अंग, ताठ पाठ, वजन दोन्ही पायांवर सारखं. कलरीतल्या घोड्याच्या, हत्तीच्या, सिंहाच्या पवित्र्यांतही अंग असंच जमिनीकडे ओढलेलं असतं, पण तिथून ते झेप घ्यायला तयार असतं. जुनी कलरी, म्हणजे या युद्धकलेची तालमीची जागा, जमिनीत खोदलेली असते, बेचाळीस फूट लांब आणि एकवीस फूट रुंद; तिथे पायांखाली माती असते. आपल्या कुस्तीच्या आखाड्यात उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. चंद्रलेखाने दोन्हींचं बूड एकच आहे हे ओळखलं आणि त्या बुडापासून वर बांधकाम केलं.

मग एकामागून एक कामं आली. 'लीलावती' (१९८९) भास्कराचार्यांच्या गणितावरचं. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटणला; तिथला शिलालेख प्रसिद्धच आहे. खानदेशाशी असं नातं असलेलं गणित मद्रासच्या समुद्रकाठी नाचात उतरलं. त्यानंतर 'श्री', 'यंत्र', 'महाकाल' आणि २००१ साली 'शरीर'. या शेवटच्या कामात एक स्त्री, एक पुरुष आणि ध्रुपद आहे. हालचाल इतकी संथ की पाहणाऱ्याची सवय मोडते. सुरुवातीला अस्वस्थ वाटतं. मग पाठीच्या मणक्याचं एकेक वळण घटनेसारखं दिसू लागतं. अशी संथपणाची तयारी भाड्याच्या चार तासांत होत नाही. त्यासाठी रोज सकाळी त्याच जागी यावं लागतं. 'स्पेसेस'मध्ये तालमीची जमीन, राहतं घर, झाडं आणि लहानसा रंगमंच एकाच आवारात असल्यामुळेच ते जमलं, असं माझं ठाम मत आहे.

चंद्रलेखा ३० डिसेंबर २००६ रोजी गेली. कलावंताच्या मागे त्याची जागा स्मारक होते किंवा इमारत होते. इथे तसं झालं नाही. मेनन यांनी ती चालती ठेवली. कार्यशाळा होतात, प्रयोग होतात, कलरीचे वर्ग भरतात, चर्चा झडतात. चंद्रलेखाबरोबर नव्वदच्या दशकात नाचलेल्या पद्मिनी चेत्तूर पुढे स्वतःच्या वाटेने गेल्या. 'वॉल डान्सिंग'मध्ये त्यांनी नर्तकांना भिंतीलगत नेलं आणि प्रेक्षकाला खुर्चीतून उठवून खोलीभर हिंडायला लावलं. प्रीती आत्रेय यांनी निव्वळ उडीवर एक अख्खं काम रचलं. या दोघी ज्या 'बेसमेंट २१' या कलावंतांच्या गटात आहेत, त्याचा 'मार्च डान्स' महोत्सव या जागेतही झाला आहे.

इथे संस्कृती-खात्याचा अधिकारी किंवा तिकीटबारी काय करायचं ते ठरवत नाही. ते ठरवतो जमिनीवर घाम गाळणारा माणूस. म्हणून अर्धवट राहिलेलं कामही चार माणसांपुढे ठेवता येतं, त्यावर बोलणं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते मोडून पुन्हा बांधता येतं.

अशा जमिनीचं मोल मराठी नाटकाला माहीत आहे. १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी चळवळ चालवली, ती शाळेच्या फरशीवरच उभी राहिली. ती चालवणाऱ्या अरविंद आणि सुलभा देशपांडे यांना त्यासाठी महागडा रंगमंच लागला नाही. नृत्याला मात्र आपण अजून स्नेहसंमेलन, स्पर्धा आणि महोत्सव एवढंच देतो. आपल्याकडे काहीच नाही असं नाही. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून आहे. विदर्भाच्या गावांत दंडार हे लोकनाट्य आहे, ज्यात गावचीच माणसं आपल्या अंगणात नाचतात. शहरात कथक आणि भरतनाट्यमचे वर्ग भरतात, आणि त्यांतून दरवर्षी मुली तयार होऊन बाहेर पडतात. विशारद झाल्यावर त्यांच्यातल्या एखादीला वेगळं काही करून पाहायचं असेल, तर तिने उद्या सकाळी कुठे जायचं? महापालिकेच्या एखाद्या शाळेचा हॉल संध्याकाळी सहानंतर रिकामाच असतो. लाकडी जमीन नसली तरी चालेल, खाली जाड सतरंजी अंथरता येते. हॉलची किल्ली मात्र कलावंताच्या हाती हवी, आणि ती एका प्रयोगासाठी नाही, निदान एका वर्षासाठी.