शिसवी पट्टी सोडवताना

बेस गिटारच्या चार तारा सुरात लावल्या की नेकवर साधारण 75 किलोंचा ताण येतो. मध्यम जाडीच्या तारा आणि 34 इंच लांबी धरून केलेला हा हिशेब. या ताणाने नेक वर्षानुवर्षे पुढे वाकू पाहतो, म्हणून त्याच्या पोटात पोलादी सळई बसवलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी 1920 च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. सळईचं टोक चावीने आवळलं की नेक मागे खेचला जातो आणि ताण तोलला जातो. पण आटे झिजले किंवा सळई आतच तुटली, तर चावी नुसती फिरत राहते. तिथपर्यंत पोचायला वरचा फिंगरबोर्ड, म्हणजे ज्या पट्टीवर बोटं फिरतात ती पट्टी, उचलावी लागते.

डबल बेस दुरुस्त करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. व्हायोलिनच्या घराण्यातल्या या वाद्यांच्या पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या असतात आणि पातळ सुरी घालून त्या उचलणं हे नेहमीचंच काम असतं. पुढच्या पिढीतल्या कुणाला तरी वाद्य उघडावं लागणार, हे बनवणाऱ्याने आधीच मान्य केलेलं असतं. लिओ फेंडर यांचा हिशेब वेगळा होता. 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन इथे त्यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याचा नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेला. नेक बिघडला तर नवा लावा, विषय संपला! त्या पहिल्या बेसना वेगळी पट्टीच नव्हती. मेपलच्या एकाच तुकड्याचा नेक, सळई मागून घातलेली आणि ती खाच अक्रोडाच्या काळपट पट्टीने बुजवलेली. साठेक वर्षांनी याच नेकची किंमत नव्या अख्ख्या बेसच्या कितीतरी पट होईल, हे त्या कारखान्यात कुणाच्या मनातही आलं नसणार. आज पट्टी सोडवण्याचा खटाटोप होतो तो बहुतेक या किमतीपायी. साध्या, अलीकडच्या बेसचा नेक बिघडला तर माझा सल्ला फेंडर यांचाच: बदलून टाका.

1959 मध्ये फेंडरने बेसवर शिसवी पट्टी आणली आणि सळई नेकच्या वरच्या बाजूने, पट्टीखाली बसवायला सुरुवात केली. इथे साल पाहणं फार महत्त्वाचं. 1959 ते 1962 च्या मध्यापर्यंतची पट्टी जाड आणि खालून सपाट आहे, त्यामुळे सुरी सरळ आत जाते. त्यानंतरची पट्टी पातळ आणि खालूनही गोलाकार, मेपलच्या पाठीवर साल चढवावी तशी. सरळ पातं तिथे एक तर शिसवात शिरतं किंवा मेपलमध्ये. त्यात फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या आडव्या तारांच्या, खाचा पट्टीच्या जवळजवळ आरपार गेलेल्या असतात, म्हणून ती खाचेखाचेवर तुटते. अशा नेकची पट्टी अखंड निघेल असं वचन देणाऱ्या कारागिरापासून सावध राहावं.

सुरी हे दुय्यम हत्यार, खरं काम उष्णतेचं. सरस साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतो, ओलावा असेल तर लवकरच. पिवळा किंवा पांढरा पीव्हीए गोंद (आपला फेव्हिकॉल त्याच कुळातला) 65-70 अंशांच्या पुढे ढिला होतो. इपॉक्सीला त्याहून जास्त ताप लागतो आणि तो हळूहळू द्यावा लागतो. युरिया-फॉर्मल्डिहाइड मात्र एकदा घट्ट झालं की तापवून पातळ होत नाही. तिथे सुरी बाजूला ठेवावी आणि पट्टी रंध्याने किंवा राउटरने तासून काढावी. म्हणजे जुनी पट्टी गेलीच.

सुरुवात बॉडीपासून नेक वेगळा करून. तारा आणि नट काढायचे, सळईवरचा ताण पूर्ण सैल करायचा. जोडावरून धारदार ब्लेडची रेघ ओढायची, नाहीतर पट्टी उचलताना लॅकरचे ढलपे निघतात. फ्रेट काढावेत की ठेवावेत यावर कारागिरांत दोन मतं आहेत. ठेवले तर धातूतून उष्णता खोल जाते; काढले तर इस्त्री सपाट टेकते. झिजलेले असतील तर काढावेत, पण सोल्डरिंग आयर्नने एकेक गरम करून, तोंड सपाट घासलेल्या पकडीने, हळूच. मग कपड्यांची इस्त्री किंवा पट्टीच्या रुंदीचं तापवायचं साधन आणि खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. बहुतेक जण बॉडीकडच्या टोकापासून निघतात. तेवढाच भाग चांगला तापू द्यायचा, मग चित्रकाराची लवचीक, गरम केलेली पाती जोडात सरकवायची. ती सहज गेली तरच पुढे जायचं. अडली तर ढकलायचं नाही, पुन्हा तापवायचं. पात्यामागे पातळ पाचर ठेवत गेलं की निघालेला भाग परत चिकटत नाही. पातं मेपलमध्ये उतरू लागलं तर तंतू आपल्या विरुद्ध आहेत असं समजावं आणि दुसऱ्या टोकाकडून यावं. रागाच्या भरात इथे नेक फाडणारे कमी नाहीत.

खुणेच्या ठिपक्यांकडे लक्ष हवं. 1966 पासून फेंडरच्या जॅझ बेसवर मोत्यासारखी झाक असलेले चौकोन आणि कडेला प्लास्टिकची किनार आली. अशा खुणांतलं सेल्युलॉइड जास्त तापलं तर आकसतं आणि पेटतंही. ज्वाळा तर कधीच वापरू नये, हेअर ड्रायरपेक्षा जोरदार हीट गनही जपूनच.

फ्रेटलेस आवाजासाठी हा सारा उपद्व्याप करू पाहणाऱ्यांना एवढंच सांगेन: त्याची गरज नाही. बेसवादक जेको पास्टोरिअस यांनी 1962 च्या जॅझ बेसची पट्टी उचलली नव्हती. फ्रेट काढून खाचा बुजवल्या आणि वर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं.

निघालेली पट्टी कोरडी होऊन वाकते. ती सपाट वजनाखाली काही दिवस ठेवून खोलीतल्या हवेशी जुळू द्यावी. जुना गोंद पूर्ण खरवडून, सळई बदलून, पट्टी मूळ जागी बसवायची. गोंद ओला असताना ती घसरते, म्हणून फ्रेटच्या खाचांत दोन बारीक भोकं पाडून खिळे रोवतात. ते फ्रेटखाली झाकले जातात. वरून पट्टीच्या गोलाईचा ठोकळा, मग ओळीने शिकंजे.

पट्टी वाचलीच नाही तर नवी शोधणं हे वेगळं काम होतं. जगभरच्या फिंगरबोर्डांत आज सह्याद्रीसह दक्षिण भारतात वाढणारा शिसव, म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, मोठ्या प्रमाणावर आढळतो. ब्राझिलचा शिसव 1992 पासून सायटिसच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. 2 जानेवारी 2017 पासून बाकी सर्व डाल्बर्जिया दुसऱ्यात आले आणि कंपन्या पर्याय शोधू लागल्या. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच मॉडेलांवर पाउ फेरो नावाचं लाकूड आणलं. नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग या नियमातून सुटले. पण न घासलेली, खाचा न पाडलेली कच्ची शिसवी पट्टी सीमेपलीकडे पाठवायची तर तिला आजही परवाना लागतो.