पातेल्याची झीज आणि बाळाचे यकृत

आमच्या निपाणीकडील जुन्या घरात स्वयंपाकाची भांडी बहुतेक पितळेची होती. ताकासाठी मात्र वेगळी दगडी होती. चुकून कधी पितळेच्या पातेल्यात ताक राहिले, तर आजी ते सरळ परसात ओतून देई. "कळकलंय ते, पोरांना देऊ नका," एवढेच तिचे स्पष्टीकरण असे. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ बिघडण्यासाठी 'कळकणे' हे स्वतंत्र क्रियापद मराठीत आहे. ते घराघरांत वापरले जात होते, त्या अर्थी हा अनुभव किती जुना आणि किती नित्याचा असला पाहिजे, हे ध्यानात येते. आजीची परीक्षा जीभ आणि डोळा यांवर चाले. धातू आम्लात किती वेगाने झिजतो हे आकड्यांत कसे मोजतात, आणि एका बालरोगतज्ज्ञाने त्या आकड्यांत का लक्ष घालावे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम रसायन. जस्ताचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की बुडबुडे येतात. तो हायड्रोजन असतो. शाळेत आपण सर्वांनी हे पाहिले आहे. किती वायू जमला हे मोजले की किती जस्त विरघळले हे कळते. तांबे असे करीत नाही. आम्लातून हायड्रोजन बाहेर काढण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही, म्हणून ताकात किंवा लिंबाच्या रसात तांब्याचे भांडे शांत दिसते. पण त्या द्रवात हवेतील प्राणवायू विरघळलेला असतो. तो तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतो, तांब्याचे आयन द्रवात उतरतात, आणि आम्ल वरचा संरक्षक ऑक्साइडचा थर टिकू देत नाही. कळकलेल्या भांड्यात हिरवे कडे बहुधा द्रवाच्या वरच्या काठाशी, जेथे हवा लागते तेथे दिसते, याचे कारण हेच. चिंचेने घासल्यावर पितळ लखलखते ते याच क्रियेमुळे. आम्लाने काळपट थर विरघळून नवा, उघडा धातू वर येतो. म्हणजे ज्या घरची भांडी सर्वांत स्वच्छ, त्या घरच्या पितळेचे संरक्षण रोज सकाळी धुऊन जात होते.

आता मोजमाप. सर्वांत जुनी आणि आजही सर्वमान्य पद्धत वजनाची आहे. धातूची पट्टी घ्यावी, तिचे पृष्ठफळ मोजावे, वजन करावे, ठरावीक तापमानाच्या आम्लात ठरावीक काळ बुडवावी, बाहेर काढून गंज साफ करावा, वाळवावी आणि पुन्हा वजन करावे. घटलेल्या वजनाला धातूची घनता, पृष्ठफळ आणि काळ यांच्या गुणाकाराने भागले की पृष्ठभाग किती खोल झिजला ते मिळते. अभियंते ते वर्षाला इतके मिलिमीटर किंवा मायक्रॉन असे सांगतात. खरी मेख गंज साफ करण्यात आहे. गंज पूर्ण जावा, पण खालचा चांगला धातू जाऊ नये. म्हणून न बुडवलेली एक पट्टीही त्याच रीतीने साफ करून तिचे वजन किती घटते ते पाहतात व तेवढे वजा करतात. आपण औषधाच्या चाचणीत तुलनेचा गट ठेवतो, तसेच हे.

दुसरी पद्धत विजेची आहे. विरघळणारा तांब्याचा प्रत्येक अणू सामान्यतः दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो. त्यामुळे झीज हा खरे म्हणजे एक प्रवाहच असतो. मात्र इलेक्ट्रॉन देणारी आणि घेणारी ठिकाणे एकाच पृष्ठभागावर असल्याने तो प्रवाह बाहेरच्या तारेत सापडत नाही. म्हणून धातूचा विद्युतदाब त्याच्या स्वाभाविक पातळीपासून जेमतेम दहा मिलिव्होल्ट ढळवतात आणि किती प्रवाह वाहू लागला ते पाहतात. प्रवाह सहज वाहिला तर झीज जलद, अडखळला तर मंद. या मोजणीचे गणित स्टर्न आणि गिअरी यांनी 1957 मध्ये मांडले. तांब्याच्या बाबतीत दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर प्रवाह म्हणजे वर्षाला सुमारे 11.6 मायक्रॉन झीज. वजनाला जेथे आठवडे लागतात, तेथे हे काम काही मिनिटांत होते.

बेळगावच्या उद्यमबागेत कारखाना असलेल्या एका अभियंता मित्राला मी एकदा विचारले, "किती झीज चांगली मानायची?" तो म्हणाला, "वर्षाला 0.1 मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम." यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मी मात्र घरी येऊन एका पातेल्याचा हिशेब मांडला.

बारा सेंटिमीटर व्यासाचे, लिटरभर दूध मावणारे पातेले घ्या. दुधाला लागणारे त्याचे आतील पृष्ठफळ सुमारे 450 चौरस सेंटिमीटर भरते. पितळेची घनता साधारण 8.5. झीज वर्षाला फक्त एक मायक्रॉन, म्हणजे त्या उत्तम मर्यादेच्या शंभरावा भाग, धरली तर वर्षात सुमारे 380 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम धातू त्या लिटरभर दुधात उतरतो. त्यात दोनतृतीयांश किंवा थोडे अधिक तांबे. झीज वीस मायक्रॉन असेल तर दिवसाला वीस मिलिग्रॅम. त्या वेगाने एक मिलिमीटर जाडीचे पातेले पन्नास वर्षे टिकेल आणि कोणालाही झिजलेले दिसणार नाही. प्रत्यक्षात झिजेचा वेग पहिल्या तासांत वेगळा आणि नंतर वेगळा असतो, दूधही दिवसभर एकाच भांड्यात नसते. तरी प्रमाणाचा अंदाज यावरून यावा. जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला दिवसाला सुमारे 0.2 मिलिग्रॅम तांबे पुरते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे.

आणि हे तराजूवर दिसेल का? वीस चौरस सेंटिमीटरची पट्टी वर्षाला एक मायक्रॉन या वेगाने दिवसात अर्ध्या दशांश मिलिग्रॅमहून कमी झिजते. प्रयोगशाळेतील नेहमीचा चांगला तराजू एक दशांश मिलिग्रॅमपर्यंत वाचतो. म्हणजे त्या दिवशी तराजू शून्यच सांगेल. अशा वेळी धातूचे काय कमी झाले हे न पाहता द्रवात काय वाढले हे पाहावे लागते. ॲलन वॉल्श यांनी 1955 मध्ये मांडलेल्या अणुशोषण वर्णपटमापनाने दुधातील किंवा यकृताच्या तुकड्यातील तांबे मायक्रोग्रॅममध्ये मोजता येऊ लागले, आणि बालरोगशास्त्रातील एक जुने कोडे त्याच दिशेने सुटत गेले.

ते कोडे म्हणजे इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस. माझ्या पिढीने त्याचा शेवटचा टप्पा पाहिला. नव्वदच्या दशकात मी एम.डी.चा अभ्यास करीत असताना सीमाभागातील एका खेड्यातून दीड-दोन वर्षांचा मुलगा आला होता. पोट फुगलेले, सतत किरकिर, आणि यकृत हाताला लागले ते कठीण, पानाच्या कडेसारखी धारदार कड असलेले. आमच्या वरिष्ठांनी आईला घराण्यातील काविळीविषयी विचारण्याआधी एकच प्रश्न केला, "दूध कशात तापवता?" पितळेच्या पातेल्यात, कल्हई कधी केली होती ते तिला आठवेना. दूध सकाळी तापवून दिवसभर त्यातच राहत असे. पेनिसिलामाइन सुरू केले, पण कावीळ आणि जलोदर आधीच आले होते. मूल वाचले नाही. बाईने बाळाला चांगले म्हशीचे दूध, स्वच्छ घासलेल्या भांड्यातून दिले होते. तिच्याकडून काय चुकले हे तिला सांगताना कोणते शब्द वापरावेत, हे मला आजही नीट ठाऊक नाही.

या प्रश्नामागे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील काम होते. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर व त्यांचे सहकारी यांनी 1983 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की, तांबे मिसळलेले वरचे दूध लवकर सुरू करणे हे या आजाराचे कारण असू शकते. 1987 मध्ये त्यांनी आजारी मुलांच्या आणि जोडीच्या निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली. पितळेच्या भांड्यांतील दुधात तांबे कसे उतरते, याचाही पुढे अभ्यास झाला, आणि येथे एक गोष्ट अनपेक्षित आहे. दूध फारसे आम्लधर्मी नाही. त्याचे पीएच मूल्य सुमारे 6.6, तर ताकाचे 4.5 च्या आसपास. मग दुधाने तांबे का घ्यावे? कारण दुधातील केसीन तांब्याला बांधून ठेवते, आणि द्रवातील मोकळे आयन असे बाजूला होत गेले की भांड्यातून नवे उतरत राहतात. त्यातून दूध कळकल्याची चव येईपर्यंत कोणी थांबत नाही. आजीची परीक्षा ताकाला लागू पडत होती. दुधापुढे ती अपुरी होती.

बाळच का, याचेही उत्तर आहे. जादा तांबे शरीराबाहेर जाते ते मुख्यतः पित्तातून, आणि ती व्यवस्था पहिल्या वर्षात कच्ची असते. शिवाय नवजात यकृतात तांब्याचा साठा निसर्गतःच मोठा असतो. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात 1900 ते 1974 या काळात अशाच आजाराने 138 मुले दगावल्याची नोंद म्युलर व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये केली. तेथेही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात गाईचे दूध तापवले जाई, आणि भांडी बदलली तसा आजार नाहीसा झाला. उलट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये पाण्यात लिटरला 8.5 मिलिग्रॅमच्या आसपास तांबे असलेल्या गावांत मुलांचे असे मृत्यू आढळले नाहीत, असे 1994 चा एक अहवाल सांगतो. तेव्हा आनुवंशिक दुबळेपणाचाही वाटा असावा. सगळा दोष एकट्या पातेल्याच्या माथी मारता येत नाही. पण जनुके आपल्या हातात नाहीत, पातेले आहे.

आपल्याकडे हा आजार मागे हटला त्यात पुण्याच्या संशोधनाइतकाच वाटा स्टेनलेस स्टीलचा आहे असे मला वाटते. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर त्याला दुधापासून अलग ठेवतो. त्याआधी हे काम कल्हई करीत असे. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून, त्यावर कथील कापसाच्या बोळ्याने फिरवायचे. कथिलाचा तो पातळ थर काही महिन्यांत घासला जाई, आणि कल्हईवाला दारावर पुन्हा कधी येईल यावर सारे अवलंबून राही. कथिलात स्वस्ताईसाठी शिसे मिसळलेले असले तर तो उपाय तांब्याहूनही वाईट.

हे सगळे इतिहासजमा झाले असे समजून मी स्वस्थ होतो. गेल्या काही वर्षांत मात्र तांब्याच्या बाटल्या आणि पितळेची पातेली 'पारंपरिक' म्हणून पुन्हा घरात येत आहेत. साध्या पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. बंगळूरच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातील जुलाबाचे जंतू नष्ट झाले आणि पाण्यात तांबे लिटरला 0.18 मिलिग्रॅमच्या आसपासच आढळले, मर्यादेच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्याच बाटलीत लिंबूसरबत, कोकमाचे सरबत किंवा ताक भरून मूल शाळेत गेले की हिशेब पार बदलतो. दुपारी मळमळ, उलट्या, पोटदुखी घेऊन आलेल्या मुलाची बाटली उघडून पाहण्याची मला आता सवय लागली आहे.

आणि सहा महिन्यांच्या बाळाला वरचे दूध सुरू केल्याचे कळले की, गाईचे की म्हशीचे, पाणी किती घालता, हे विचारण्यापूर्वी मी विचारतो, दूध कशात तापवता? बहुतेक आया "स्टीलच्याच पातेल्यात, डॉक्टर," असे काहीशा नवलाने सांगतात. गेल्या वर्षी मात्र एक जण कौतुकाने म्हणाली, "सासूबाईंचं जुनं पितळेचं काढलंय, छान घासून." बाळाच्या पोटावरून हात फिरवला, यकृत नेहमीएवढेच, मऊ होते. कल्हई आहे का, असे विचारल्यावर ती आजेसासूबाईंकडे पाहू लागली. त्या म्हणाल्या, "ह्या पोरींना कल्हई कुठली ठाऊक? मी सांगत होते, त्यात ताक घालू नको म्हणून. दुधाचं मला माहीत नव्हतं."